नश्वर देहाची अस्थी

देह नाशिवंत आहे, मग त्याच्या हाडांची चिंता कशाला, असे मानून आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कितीतरी वृद्ध स्त्रिया पाठीचे वाकणे निमूटपणे सोसतात, आणि घरातील कर्ती माणसे त्या सोसण्याला वैराग्य समजून औषधपाण्याची तजवीज पुढे ढकलतात. या वैराग्याचा निवाडा करण्यास नेवाशासारखे दुसरे स्थळ नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तेथे गीतेवरील भाष्य सांगितले. ते ज्याला टेकून बसत असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजही पूजिला जातो. आत्म्याचे अमरत्व विशद करणाऱ्या महापुरुषाच्या पाठीलाही आधार लागला, याचा विसर भाविकांना पडावा हे मला फार लागते. शिवाय ज्या गीतेचे ते भाष्य, तीच सहाव्या अध्यायात मुळीच न खाणाऱ्यास योग साधत नाही असे सांगते, आणि सतराव्यात अशास्त्रीय घोर तपाने देह कृश करणाऱ्यांचा निश्चय आसुरी ठरविते.

अस्थी जड नव्हे. जुना अंश झिजावा आणि नवा भरावा असा तिचा जमाखर्च अखंड चालतो, व रजोनिवृत्तीनंतर खर्चाची बाजू झपाट्याने वाढते. वेदना नसल्याने कोणी दखल घेत नाही; मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण व फुप्फुसदाह गाठतात.

ज्या जिल्ह्यातून दुधाचे टँकर बाहेरगावी जातात, तेथे म्हातारीच्या वाट्याला साबुदाणा आणि कोरा चहा यावा, हा मी अधर्म समजतो. तिला दिवसाकाठी सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते; अकोले तालुक्याच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० हून अधिक असते. अंगावर ऊन आणि रोजचे चालणेही हवे. हाडांची घनता फार उतरली असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेंड्रोनेटची गोळी आहे. ती रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे होऊ नये.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरंभिलेल्या कार्यात गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांनी आरोग्याचे ज्ञान घरोघर पोहोचविले. तेव्हा हे अवघड आहे, ही सबब या जिल्ह्याने तरी सांगू नये. वृद्धेची एकादशी मोडण्याचे कारण नाही. तिच्या फराळात दूध-दही असावे, न्हाणीत धरण्यास कठडा असावा, आणि पडण्यापूर्वीच एकदा तिची हाडे तपासून घ्यावीत, एवढी वाचकांस विनंती आहे.