कृपया ताडून पाहावे

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा भाचा बडोद्यातल्या आमच्या घरी आला आणि चहा होईपर्यंत गप्प बसून राहिला. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मावशी, एवढं वाचून दे ना. तू भाषांतर करतेस, तुला जमेल." तो एका पॅथॉलॉजी लॅबचा चार पानी रिपोर्ट होता. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच येतं, त्यामुळे अडचण भाषेची नव्हती. त्याला अर्थ हवा होता. मी चष्मा शोधत असताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "आईला सांगू नकोस."

तो चोवीस वर्षांचा आहे आणि शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायची त्याची इच्छा आहे. आठवड्यातून दोनदा तो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम असलेलं हे औषध त्याला जिममधला कोच आणून देत होता. बारा आठवडे घ्यायचं, मग थांबायचं, याला ते लोक 'सायकल' म्हणतात. मधे एकदा रक्त तपासून घे, असंही कोचनेच सांगितलं होतं.

त्याआधी तो आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी हे बंद कर, मग माझ्याकडे ये." या उत्तरातला प्रामाणिकपणा मला कळतो. ज्या गोष्टीला आपली संमती नाही तिची देखरेख तरी का करावी? पण घडलं ते असं की इंजेक्शन चालूच राहिलं आणि डॉक्टर तेवढे बाजूला झाले. रक्त तपासायला चिठ्ठी कुणी मागत नाही. सकाळी लॅबचा माणूस जिममध्ये येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॅपवर येतो. तो वाचणारा एकटा कोच उरला, आणि औषध विकणाराही तोच. म्हणून मी रिपोर्ट हातात घेतला. हे बरोबर केलं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे.

भाषांतरकाराला सवय असते की आधी मजकूर कुणी, कुणासाठी लिहिला ते पाहायचं. रिपोर्टमध्ये आकड्यांशेजारी एक रकाना असतो, 'बायॉलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल'. म्हणजे निरोगी माणसांची रक्तं तपासून, त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या दोन टोकांमध्ये बसतात ती टोकं. ही निरोगी माणसं बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणारी नसतात. ती रोज दीडशे किलो वजन उचलणारीही नसतात. त्यामुळे भाच्याचे काही आकडे ठळक छापलेले असूनही घाबरण्यासारखे असतीलच असं नव्हतं. जड व्यायामाने स्नायू दुखावले की एसजीओटी, एसजीपीटी वाढतात आणि यकृत बिघडलं असं वाटतं. स्नायू जास्त असले की क्रिएटिनिन वर जातं आणि मूत्रपिंडाची शंका येते. उलट काही आकड्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर आले होते. बाहेरून एवढं टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, आणि त्याबरोबर शुक्रजंतूंची निर्मितीही घटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चालेल का, हे तपासलं होतं. भाचा आठवड्याला ५०० घेत होता. हे त्याला कोचने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मला कुठे आत्ता मूल हवंय?"

एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, २४ वर आलं होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, तो ४९ होता. मर्यादा ५० ची. मी सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "एचडीएलचं बघ. बाकी ठीक दिसतंय."

'ठीक दिसतंय' हे शब्द रिपोर्टमध्ये कुठेही नव्हते. ते मी घातले. वाचकाला वाक्य तुटल्यासारखं वाटू नये म्हणून अनुवादात कधीकधी एखादा शब्द पदरचा घालतो, तसे. पुढे कळलं की माझ्या त्या दोन शब्दांवर त्याने सायकल बारा आठवड्यांवरून वीसवर नेली. "रिपोर्ट चांगला होता ना, मावशी."

कुणी म्हणेल, मग डॉक्टरांचंच बरोबर होतं. मी यावर बरेच दिवस विचार केला. आपल्या देशात एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया दिल्या जातात. त्यामुळे नशेला मान्यता मिळते, असं मी कधी मानलं नाही. सुई न दिल्याने नशा सुटत नाही, फक्त एचआयव्ही पसरतो. मग रक्त तपासण्याच्या बाबतीत मला इतकं अवघडल्यासारखं का व्हावं? फरक मला असा दिसतो. स्वच्छ सुई काही बोलत नाही. रिपोर्ट बोलतो, आणि ज्याला पुढे जायचंच आहे त्याला तो 'जा' म्हणाल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे दोष तपासणीचा नव्हता. तपासणीच्या नावावर मी जे बोलले त्याचा होता.

मी त्याच्यावर चिडले तेव्हा 'शॉर्टकट' हा शब्द वापरला. तो म्हणाला, "मेहनत तर मीच करतो ना." १९९६ साली शालेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग केला होता. काहींना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतं तेल टोचलं. ज्यांनी औषध घेऊन व्यायाम केला त्यांचं चरबीविरहित वजन सरासरी ६ किलोंनी वाढलं. पण ज्यांनी औषध घेऊन व्यायाम अजिबात केला नाही त्यांचंही, नुसता व्यायाम करणाऱ्यांहून जास्त वाढलं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा दुखावलेला दिसला. मला ते सांगताना थोडा आनंद झाला होता, हेही कबूल करायला हवं. त्या आनंदाचा त्याच्या तब्येतीशी काही संबंध नव्हता.

दुसरा रिपोर्ट श्रावणात आला. हिमॅटोक्रिट ५५.६. त्याने आधीच काहीतरी वाचून ठेवलं होतं: "५४ च्या वर गेलं तर धोका असतो. मी थोडासाच वर आहे." हा ५४ चा आकडा खरा आहे. अमेरिकेतल्या एन्डोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे: त्याच्यावर गेलं तर उपचार थांबवा. पण त्या सूचना ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसं तयारच होत नाही अशा रुग्णांसाठी आहेत, ज्यांना कमी पडतं तेवढंच भरून द्यायचं असतं, आणि ज्यांच्यासमोर डॉक्टर बसलेला असतो. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं. भाचा त्याच्या कितीतरी पट घेत होता आणि रुग्णांसाठी लिहिलेली सूचना स्वतःला लावत होता. वाक्य तेच राहतं, वाचक बदलतो आणि अर्थ उलटतो. तिथे ५४ म्हणजे 'थांबा'. याच्याकडे येईपर्यंत त्याचं 'अजून थोडं चालतं' झालं होतं.

त्यावर त्याने उपायही शोधला होता. गणेशोत्सवात आमच्याकडच्या एका मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. तिथे ४५० मिलिलिटर रक्त दिलं की आकडा खाली येतो. जिममधले दोघंतिघं असंच करतात. "कुणाला तरी उपयोगच होईल ना? मग हरकत काय?"

हरकत काय, हे मला लगेच सांगता आलं नाही. घेणाऱ्याला रक्त मिळतं, देणाऱ्याचं रक्त पातळ होतं, मंडळाच्या फलकावर एक नाव वाढतं. पण शिबिरात एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कोणती औषधं चालू आहेत हे विचारलेलं असतं. भाचा तिथे 'नाही' लिहिणार होता. तो प्रश्न रक्तपेढीचा दिसतो, पण खरं तर तो विचारणारा एक पेशंट असतो, जो आत्ता तिथे नाही आणि ज्याला स्वतः विचारता येणार नाही. त्याच्याशी खोटं बोलून त्याला काही द्यायचं, याला दान म्हणता येत नाही. नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवून वर आशीर्वाद घेण्यासारखं ते होतं. रक्त फार घट्ट झालं तर उपचार म्हणून ते काढतातही. पण ते डॉक्टर ठरवतो. दुसरं असं की रक्त देऊन आकडा उतरतो आणि तो वाढवणारं कारण जागच्या जागी राहतं. मूळ संहितेत चूक असताना अनुवादात ती गुपचूप दुरुस्त करावी, तसं.

माझे आजोबा बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. तिथल्या आठवणी सांगताना ते म्हणायचे, वस्तादाची नजर सतत पोरांवर असे; कुणाचा श्वास फुलला, कुणाचा रंग उतरला, हे तो न विचारता ओळखायचा. मी त्या काळाला सोनेरी मुलामा देत नाही. तेव्हा कुणाचं हृदय कुणी तपासलं नाही, आणि किती जण कशाने गेले याची नोंद नाही. पण ती नजर माणसाची होती आणि समोरच्या माणसावर होती. माझ्या भाच्याकडे चार पानं आकडे होते आणि बघणारं कुणी नव्हतं. त्या आकड्यांत हृदय तर नव्हतंच. २०१७ साली अमेरिकेत १४० वेटलिफ्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद न घेणाऱ्यांपेक्षा कमी भरली. हे इकोत दिसतं. नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही.

आपल्या गोष्टींतल्या ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं. पुरूला निदान विचारलं तरी होतं. भाचा ज्याच्याकडून घेत होता तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस अजून अस्तित्वात नाही. त्याला विचारायचं कसं? पण मी त्या वयाची आहे. त्याच्या वतीने बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असं मी ठरवलं.

प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. मराठीत, 'कृपया प्रत्यक्ष रुग्णाशी ताडून पाहावे'. ही ओळ कुणी वाचत नाही. त्या संध्याकाळी मी ती त्याला वाचून दाखवली आणि सांगितलं, "यापुढचा रिपोर्ट मी वाचीन, पण ताडून पाहणारा डॉक्टर असेल तरच. मी एकटी वाचणार नाही, आणि 'ठीक' हा शब्द पुन्हा उच्चारणार नाही. ताईला महिनाभरात तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन." तो न जेवता निघून गेला. मला वाटलं, आता तोही कोचकडे आणि रिपोर्टही कोचकडे.

शिबिराला तो गेला नाही. दुसरे एक डॉक्टर त्याने स्वतः शोधले. त्यांनी त्याला हाकललं नाही आणि शाबासकीही दिली नाही. थांबवायला सांगितलं, इको करायला सांगितला आणि दर महिन्याला यायला सांगितलं. थांबवलंय, असं तो म्हणतो. शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात, आणि ते दिवस मरगळीचे असतात. तो परत सुरू करणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. डॉक्टरही देत नाहीत.

महिना भरायच्या आत त्याने आईला सांगितलं. त्या रात्री ताईचा फोन आला. रडली, माझ्यावर रागावली, आणि मग एकच विचारलं, "आत्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे का, तेवढं सांग." तोंडावर आलेलं 'हो' मी गिळलं. "ताई, कागद-पेन घे," म्हटलं, आणि पहिल्या ओळीपासून तिला मराठीत वाचून दाखवायला लागले. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत यायला पाऊण तास लागला.