उतारवयात पोपट पाळावा काय?

सायंकाळच्या आरतीनंतर मंदिराच्या ओट्यावर जी ज्येष्ठ मंडळी बसतात, त्यांच्यात अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. नोकरीतून निवृत्त झालेल्या, मुले दूरदेशी गेलेल्या आणि घरात दोघेच किंवा एकटेच उरलेल्या माणसाने पोपट पाळावा की पाळू नये? वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न दिसतो. परंतु किंचित विचार करणाऱ्यास हा कर्तव्याचा प्रश्न आहे असे कळून येईल. कारण येथे पाळणाऱ्याचे उरलेले आयुष्य थोडे आणि पाळलेल्या जिवाचे आयुष्य मोठे, असा उलटा हिशेब आहे.

कुत्रे 12-15 वर्षे जगते. त्याचा शेवट बहुधा धन्याच्या डोळ्यांदेखत होतो आणि वियोगाचे दुःख धन्याच्या वाट्यास येते. पोपटाचे तसे नाही. आपला ओळखीचा हिरवा राघू पिंजऱ्यात 20-25 वर्षे काढतो. आफ्रिकेतील राखी पोपट 40 ते 60 वर्षे जगू शकतो. मोठे मकाव आणि काकाकुवा हेही तसेच दीर्घायुषी. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातील कुकी नावाचा काकाकुवा 1933 साली जन्मला आणि 2016 साली, वयाच्या 83 व्या वर्षी मेला. 65 व्या वर्षी राखी पोपटाचे पिल्लू घरी आणणाऱ्याने हा हिशेब बोटांवर मोजून पाहावा. आपण 85 वर्षांचे होऊ तेव्हा तो पक्षी अवघा 20 वर्षांचा असेल.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या देशातील रानपोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. आजोबांच्या पडवीत राघूचा पिंजरा टांगलेला असे, ही आठवण कितीही गोड असली तरी ती आज सबब होऊ शकत नाही. राखी पोपट, मकाव इत्यादी परदेशी पक्ष्यांपैकी ज्यांस आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण आहे, ते बाळगणाऱ्यांस 2024 च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि पक्षी दुसऱ्याच्या हवाली केला तर त्याचीही नोंद द्यावी लागते. तेव्हा आमचा विचार चालला आहे तो अशा रीतसर ठेवता येणाऱ्या पक्ष्यांविषयी, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

बोलक्या पाखराची ओढ मनुष्यास का वाटते, हे समजणे कठीण नाही. आमच्या बडोद्यास तर या पक्ष्याचे कौतुक फार जुने. गायकवाडांच्या राजवाड्यातील शिकविलेले पोपट चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवीत आणि शेवटी लहानशी तोफ उडवून सलामी देत. महाराणी गायत्रीदेवींनी 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात आजोळच्या या पोपटांचे वर्णन केले आहे. ज्या घरात दिवसभर कोणी हाक मारीत नाही, तेथे एखादा जीव सकाळी नाव घेऊन बोलावतो, ही गोष्ट लहान नाही. तिला वार्धक्यातील खूळ म्हणून हसणाऱ्यांनी आपल्या घरातील वृद्धांशी आपण दिवसाकाठी किती शब्द बोलतो, याचाही विचार करावा.

यावर आपल्यातील कित्येक धर्मनिष्ठ मंडळी जडभरताचे आख्यान पुढे करतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात ते आले आहे. भरत राजा आपले राज्य पुत्रांत वाटून देऊन गंडकीतीरी पुलहाश्रमी तप करण्यास गेला. तेथे सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीने नदीवरून उडी घेतली, तिचे पाडस प्रवाहात पडले आणि ती मेली. राजाने ते पाडस वाचविले, वाढविले, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन करीत देह ठेवल्यामुळे तो हरिणाच्या जन्मास गेला. म्हणून उतारवयात नवा पाश नको, असा बोध काढला जातो. तो खोटा नाही. परंतु आख्यानात आणखीही एक गोष्ट आहे. वाहून जाणाऱ्या पाडसास राजाने हात दिला नसता, तर त्या तपास आपण थोर म्हटले असते काय? दया करणे हा त्याचा दोष नव्हे. ज्याने एवढ्या राज्याची वाटणी यथास्थित केली, त्याने या एका जिवाची सोय मात्र कोणाकडे लावली नाही. त्या एकांतात पाडसाला त्याच्यावाचून कोणी नव्हते आणि त्यानेही दुसरे कोणी होऊ दिले नाही. मग शेवटच्या क्षणी ‘याचे आता कसे होईल’ याखेरीज दुसरा विचार त्याच्या मनात यावा कोठून? प्रेमाने जेवढे बांधले, तेवढेच अव्यवस्थेनेही बांधले, असे आम्हांस वाटते.

आपल्यामागे चालावे असे कार्य हाती घेणे, हे काही अनुचित नव्हे. वृद्ध मनुष्य आंब्याची कोय पुरतो ती नातवंडांसाठी. देवापुढील नंदादीपासाठी ठेव ठेवणारा जाणतो की, आपल्यानंतर दुसऱ्या कोणाचा हात समईत तेल घालील. तथापि नंदादीप आणि पोपट यांत मोठा भेद आहे. तेल कोणी घातले हे ज्योतीस कळत नाही. पाखरास मात्र दाणे देणारा हात कळतो. आपण ‘पढवलेला पोपट’ असे तुच्छतेने म्हणतो, पण तो समज आता मागे पडला आहे. डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 पासून शिकविलेला अलेक्स नावाचा राखी पोपट वस्तूंचे रंग, आकार आणि लहान संख्या ओळखून सांगत असे. असा बुद्धिमान जीव एकटा पडला, दुर्लक्षिला गेला, तर सतत किंचाळू लागतो आणि कित्येकदा स्वतःचीच पिसे चोचीने उपटतो.

आमच्या माहितीतील एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर राखी पोपट आणला आणि सहाव्या वर्षी ते वारले. मुले परदेशी, पत्नी गुडघ्यांनी अधू. पक्षी वर्षभरात तीन घरे फिरला. प्रत्येक घरी तो दुपारी चारच्या सुमारास त्या गृहस्थांच्याच आवाजात ‘अहो, चहा टाकता ना?’ असे विचारी. पहिल्या घरच्यांना ते ऐकवेना, दुसऱ्यांना त्याची भीती वाटू लागली. तिसऱ्या घरी तो पोहोचला तेव्हा त्याच्या छातीवर पिसे उरली नव्हती. यात दुष्ट कोणीच नव्हते. गृहस्थांचे प्रेम खरे होते. पण आपल्यामागे त्या प्रेमाचा वारसदार कोण, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता.

महाभारताच्या अनुशासनपर्वात एका पोपटाची कथा आहे. व्याधाचा विषारी बाण लागून एक महावृक्ष वाळून गेला, तरी त्याच्या ढोलीत राहणारा पोपट त्याला सोडीना. इंद्राने कारण विचारले तेव्हा, याच वृक्षाने मला वाढविले व राखले, असे त्याने सांगितले. आणि वर मागून त्याने वृक्षास पुन्हा पालवी आणविली. कीर्तनकार ही कथा पोपटाच्या निष्ठेसाठी सांगतात. आम्ही ती वृक्षाच्या बाजूने वाचावी असे म्हणतो. ज्याला आपण सोडून जाणार हे ठाऊक आहे, त्याला इतके निष्ठावंत करून ठेवणाऱ्यावर काही ऋण येते की नाही? आमच्या मते येते, आणि ते जिवंतपणीच फेडावे लागते.

ते कसे फेडावे? पक्षी आणण्यापूर्वी वयाने लहान असा कोणी आप्त किंवा स्नेही शोधावा, त्याचा स्पष्ट होकार घ्यावा, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्या हातून पक्ष्यास दाणा मिळेल अशी व्यवस्था ठेवावी, म्हणजे पुढे तो परका वाटणार नाही. ‘मुले बघतील’ हे वाक्य होकार नव्हे. मुलांना विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर रागावू नये. मृत्युपत्रात तरतूद करावी. प्राण्याच्या नावे संपत्ती ठेवता येत नाही. म्हणून पक्षी आणि त्याच्या खर्चाची रक्कम दोन्ही एकाच विश्वासू माणसाकडे जातील, असे लिहावे. शक्यतो पिल्लू आणूच नये. ज्याचा धनी गेला किंवा ज्याला घर उरले नाही, असा प्रौढ पक्षी रीतसर नोंद करून घ्यावा. त्याचे उरलेले आयुष्य आपल्या उरलेल्या आयुष्याशी अधिक जुळते, आणि एका निराधाराला आधार मिळतो.

इतके करूनही वारसदार मिळाला नाही, तर ती इच्छा तेथेच सोडून द्यावी. गच्चीवर पाण्याचे मातीचे परळ भरून ठेवावे, अंगणातील पेरूची वरची फळे न काढता राखावी. पाखरे येतील, खातील आणि उडून जातील. आपली वाट पाहत कोणीही मागे राहणार नाही. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.