एबी फॉर्म आणि गप्प बसलेले आमदार

मामा कराडचे, मी सांगलीची. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. निवडणूक झाली की आमचं भांडण ठरलेलं. बाकीची भांडणं निकालानंतर आठवडाभरात विरतात, २०२४ च्या सांगली लोकसभेचं अजून विरलेलं नाही.

प्रकरण बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात. महाविकास आघाडीत कोल्हापूरची जागा काँग्रेसकडे गेली आणि शाहू महाराज उभे राहिले. मग शिवसेनेच्या ठाकरे गटाने सांगलीवर हक्क सांगितला. मार्चमध्ये मिरजेच्या सभेत उद्धव ठाकरेंनी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांचं नाव जाहीरच करून टाकलं. वसंतदादांचे नातू विशाल पाटील काँग्रेसचे, पण त्यांना तिकीट नाही. ते लिफाफा चिन्हावर अपक्ष लढले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांना लाखभर मतांनी हरवून दिल्लीला गेले. चंद्रहार साठ हजारांच्या आसपास थांबले. मधल्या दीड महिन्यात काँग्रेसच्या आमदाराने काय करायला हवं होतं, एवढाच आमचा वाद.

मी: मामा, वारं कुठलं आहे हे सांगलीत पोराटोरांना कळत होतं. आमदारांना कळत नव्हतं असं म्हणू नका. कळत होतं आणि तरी कुणी उघड बोललं नाही. याला घाबरणं म्हणतात.

मामा: निकाल हातात घेऊन एप्रिलकडे बघू नकोस. एप्रिलमध्ये तिरंगी लढत होती. आमच्या साताऱ्यात १९९६ ला काय झालं? काँग्रेसचे प्रतापराव भोसले उभे, उदयनराजे अपक्ष उभे, आणि निवडून कोण आलं? शिवसेनेचे हिंदुराव नाईक-निंबाळकर. यशवंतराव चव्हाणांच्या जिल्ह्यात! ज्याने ते पाहिलंय त्याला तिरंगी लढतीत झोप लागत नाही.

मी: म्हणजे हिशेब. तत्त्व नाहीच.

मामा: हिशेब आणि तत्त्व यांची एवढी फारकत करू नकोस गं. आपल्या बोलण्याने तिसऱ्याचाच फायदा होईल का, हा विचारसुद्धा नीतीचाच भाग आहे. आणि तू वकील आहेस. आमदाराने बंडखोराच्या स्टेजवर चढायचं म्हणजे काय, ते तूच सांग.

इथे मला कायदा सांगावा लागला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. त्यात सभागृहातला पक्षादेश मोडण्याबरोबरच ‘स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं’ हाही अपात्रतेचा आधार आहे. त्यासाठी राजीनामाच द्यावा लागतो असं नाही. गोव्याच्या रवी नाईक यांच्या खटल्यात १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. २०१७ मध्ये पाटण्याच्या विरोधकांच्या सभेला गेले म्हणून शरद यादवांची राज्यसभा गेली. तेव्हा दुसऱ्याच्या प्रचारात उघड उतरलेल्या आमदारावर कागदोपत्री तलवार टांगलेली असते, हे खरं.

मी: पण ती तलवार आपोआप पडत नाही, मामा. कुणीतरी अध्यक्षांकडे अर्ज करावा लागतो. सांगलीची जागा गेली म्हणून अख्खी जिल्हा काँग्रेस चिडलेली असताना कोण अर्ज करणार होतं? कायदा हे निमित्त झालं.

मामा: मान्य. कायद्याला घाबरून कोणी गप्प बसलं असेल असं मलाही वाटत नाही. एबी फॉर्मला घाबरले असतील.

मी: तेच की. पुढच्या वेळी आपलं तिकीट कापतील म्हणून.

मामा: तू लगेच तिकिटावर आलीस. मी वेगळं म्हणतोय. आमदार स्वतः कसा निवडून येतो? पक्ष एबी फॉर्म देतो, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद. त्या दिवशी तालुक्यात आणखी चारजण इच्छुक असतात, त्यांनी पाच-पाच वर्षं लग्नं, बारशी, मयती केलेल्या असतात. वरून एक नाव येतं आणि बाकीच्यांनी गिळायचं असतं. आमदार त्यांना सांगतो, पक्षाचा आदेश आहे, कामाला लागा. मग एप्रिलमध्ये तोच आमदार म्हणणार, की हा एबी फॉर्म मी मानत नाही? उद्या त्या चौघांना कुठल्या तोंडाने थांबवणार? विलासकाका उंडाळकरांचं बघ. १९८० पासून सलग सात वेळा कराड दक्षिणचे आमदार. २०१४ ला पक्षाने तिथे पृथ्वीराज चव्हाणांना उभं केलं. काका अपक्ष लढले आणि पडले. चौतीस वर्षं आमदार राहिलेल्या माणसाचं तिकीट कापणं अन्यायच होता, असं मला आजही वाटतं. पण ज्या पक्षाच्या फॉर्मवर काका इतकी वर्षं निवडून आले, तो फॉर्म आठव्या वेळी एकदम कवडीमोल कसा झाला, याचं उत्तर मला कधी देता आलं नाही.

मामांचा हा मुद्दा मला बराच काळ परतवता आला नाही. शेवटी मी त्यांच्याच कराडचं उदाहरण काढलं.

मी: मग यशवंतरावांचं काय? १९६९ ला बंगळूरला संसदीय मंडळात त्यांनी इंदिरा गांधींच्या विरोधात जाऊन राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या नावाला मत दिलं. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार झाले. नंतर इंदिराबाईंनीच अंतरात्म्याच्या आवाजाची भाषा केली, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, आणि पक्ष फुटला तेव्हा यशवंतराव इंदिराबाईंकडे. त्यांना कुंपणावरचे म्हणून किती बोलणी खावी लागली!

मामा: खावी लागली, आणि काही अंशी योग्यच होती. पण एक बघ. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार खासदार आणि आमदारच असतात, आणि मतदान गुप्त. तिथे अंतरात्म्याला निदान जागा तरी आहे, मत त्याचं स्वतःचं आहे. लोकसभेला आमदाराचं मत एकच, बाकीच्या माणसासारखं. तो जे देतो तो पाठिंबा असतो, आणि पाठिंबा म्हणजे दुसऱ्यांच्या मतांवर टाकलेला हात. त्यातली बरीच मतं पक्षाची म्हणून त्याच्याकडे आलेली असतात.

मी: काही पक्षाची असतील. पण सांगलीत काही वसंतदादांची आहेत, काही पतंगराव कदमांची. चिन्हाची किती उरली होती? २०१९ ला जागा स्वाभिमानी पक्षाला गेली आणि विशाल पाटलांना बॅट चिन्हावर लढावं लागलं. २०२४ ला ठाकरे गटाची मशाल. लागोपाठ दोन लोकसभांना सांगलीच्या मतदानयंत्रावर हाताचा पंजाच नाही. पक्षानेच पक्ष मागे घेतल्यावर आमदाराने निष्ठा कुणाशी ठेवायची?

मामा: शब्दाशी. ७ मे ला सांगलीचं मतदान होतं, त्याच दिवशी कोल्हापूरचंही होतं. तिथे ठाकरेंचे शिवसैनिक हाताच्या पंजासाठी स्लिपा वाटत होते. सांगलीत काँग्रेसचा आमदार लिफाफ्याच्या स्टेजवर चढला असता, तर कागल-राधानगरीच्या शिवसैनिकाने पंजासाठी का राबायचं?

मी: तो शब्द मुंबईत दिला गेला. इथल्या माणसाला कुणी विचारलं? काँग्रेसचे आमदार विश्वजित कदमांनी ही जागा काँग्रेसला मिळावी म्हणून मुंबई-दिल्ली एक केली, त्यांचंही ऐकलं नाही.

मामा: ऐकलं नाही, पण ते वाटाघाटीत होते. जो मागायला जातो तो नकार स्वीकारायचीही तयारी ठेवून जातो. नाहीतर ती मागणी कसली, धमकीच झाली.

खरं सांगायचं तर परदेशाची उदाहरणं मामांना आवडत नाहीत, पण न्यूयॉर्कचं मी काढलंच. २०२५ च्या जूनमध्ये झोहरान ममदानी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकून महापौरपदाचे उमेदवार झाले. तरी त्यांच्या पक्षाचे प्रतिनिधीगृहातले नेते हकीम जेफ्रीज यांचा पाठिंबा आला २४ ऑक्टोबरला, आगाऊ मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. सिनेटमधले नेते चक शूमर यांनी शेवटपर्यंत जाहीर पाठिंबा दिलाच नाही. मामा हसले. म्हणाले, तिथे एबी फॉर्म मतदारांनी दिला होता, म्हणून तिथला संकोच पक्षाच्या नियमाविरुद्धचा. आपल्याकडे तो वरून येतो, म्हणून इथला संकोच म्हणजे नियम पाळणं. मला ही तुलना पटली. फक्त त्यातून आपल्याच पद्धतीची लाज वाटावी असं काहीतरी निघतं, ते मामांनी सोडून दिलं.

मी: ठीक आहे, नियम पाळला. मग पूर्ण पाळायचा. तुम्ही मतदानाच्या दिवशी बूथवर कधी बसलात का?

मामा: बसलो की. किती वेळा.

मी: मग डोळ्यांपुढे आणा. शाळेपासून दोनशे मीटरवर टेबलं. एकावर कमळ, एकावर मशाल, एकावर लिफाफा. वीस वर्षं पंजाच्या टेबलावर यादी घेऊन बसलेला माणूस सकाळी सहाला येतो. त्याचं टेबलच नाही. साहेबांना फोन लावतो, साहेब म्हणतात, ‘तुम्ही समजूतदार आहात.’ आता मशालीच्या टेबलावर बसला तर गाव विचारणार, लिफाफ्याच्या टेबलावर बसला तर उद्या पक्षाचा कुणीतरी फोटो दाखवणार. तो चिंचेखाली उभा राहतो, यादी पिशवीत. साहेबांची अडचण साहेबांनी त्याच्या गळ्यात घातली, मामा. वरच्याने तोंड मिटलं की खालच्याला अर्थ लावावा लागतो, आणि चुकला तर दोष त्याचाच.

(असा फोन कुणा आमदाराने केला, असं मला म्हणायचं नाही. माझ्या मनातलं हे चित्र आहे, पण निवडणुकीत वावरलेल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही.)

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले ते मी अपेक्षिलं नव्हतं.

मामा: तुला चिंचेखालचा दिसतो. मला चंद्रहार दिसतो.

मी: ते कुठून आले मध्येच?

मामा: मध्ये कुठून, ते पहिल्यापासून उमेदवार होते! विट्याकडचा पैलवान गडी. त्याला सांगितलं, आघाडी तुझ्या पाठीशी आहे. तू बंडखोराचा विचार करतेस, मी पक्षाचा करतोय, पण गप्प बसण्याने ज्याची थेट फसवणूक होते तो अधिकृत उमेदवार. बंडखोराला मौनाचा काही तोटा नाही. उलट आमदार त्याच्या स्टेजवर गेला असता तर लोकांचं बंड दादा घराणं आणि कदम घराणं यांच्या जुन्या हिशेबात जमा झालं असतं. मौन अधिकृत माणसाला महाग पडतं, कारण तो तुम्हाला आपला धरून बसलेला असतो.

मी: म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात. उघड बोलायला हवं होतं.

मामा: नाही. बंडखोराला पाठिंबा द्यायला हवा होता असं मी अजूनही म्हणत नाही. तो न देण्याला माझ्याकडे चार कारणं आहेत, ती तू खोडली नाहीस. पण ‘मी तुझं काम करू शकत नाही’ एवढं चंद्रहारच्या तोंडावर सांगायला कुठलं परिशिष्ट आड येतं?

मी: आणि तो विचारेल, मग कुणाचं करणार?

मामा: कुणाचंच नाही, म्हणायचं. घरी बसायचं. आपल्याकडे घरी बसायला कुणी तयार नसतो, हीच तर अडचण आहे.

मी इथे विधानसभेचा विषय काढला, कारण तो माझ्या बाजूचा वाटत होता. नोव्हेंबर २०२४ ला सांगलीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार पृथ्वीराज पाटील, आणि बंडखोर जयश्री पाटील, दादा घराण्याच्याच सूनबाई. या वेळी खासदार विशाल पाटील उघड बंडखोराच्या बाजूने उतरले. मी म्हटलं, बघा, लपवाछपवी नाही. खासदारांनी लोकसभेनंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं होतं आणि पक्षाची संख्या ९९ वरून १०० मोजली गेली, पण कायद्याने ते अपक्षच. अपक्ष म्हणून निवडून आलेला पक्षात शिरला तर सदस्यत्व जातं. त्यामुळे त्यांच्यावर पक्षादेशाचं ओझंही नव्हतं.

मामा: ओझं नव्हतं म्हणून धाडस सोपं होतं. आणि पृथ्वीराज पाटलांचा गुन्हा काय? त्यांनी पक्षाने दिलेला फॉर्म भरला.

मी: निदान त्यांना माहीत तरी होतं, खासदार कुठे आहेत ते.

मामा: हो. तेवढं मानतो. आणि निवडून भाजपचे सुधीर गाडगीळ आले. मग जयश्रीताई भाजपमध्ये गेल्या, पृथ्वीराजही गेले. चंद्रहार शिंदेंच्या सेनेत. तू मला सांग, आता पाठिंबा कुणी कुणाला दिला होता, याचा हिशेब ठेवायला तिथे कोण उरलंय?

मी: आमदार उरलेत. विश्वजित कदम पलूस-कडेगावमधून परत निवडून आले.

मामा: म्हणजे गप्प राहणं चुकलं नाही, असं तूच म्हणतेस.

मी: निकाल हातात घेऊन एप्रिलकडे बघू नका, असं मघाशी कोण म्हणालं?

मामांनी यावर चहा मागवला. कराडच्या बाजूला हा हार मानल्याचा कबुलीजबाब नसतो, तहकुबी असते.