गोळी घेऊन पाळलेले शील



पंचशील घेतलेल्या घरातही दारू शिरते, हे आपण जाणतो. मग घरचा कर्ता माणूस इस्पितळात जातो, डॉक्टर डायसल्फिरामची गोळी देतात आणि वस्तीत कुजबूज सुरू होते : गोळीच्या भीतीने सोडली, यात कसले आले शील? प्रश्न टाकाऊ नाही. त्याचे उत्तर धम्मातूनच शोधले पाहिजे.

गोळी काय करते ते आधी समजून घ्या. दारू शरीरात जिरताना वाटेत एक विषारी द्रव्य तयार होते. एरवी यकृत ते लगेच फोडते. गोळी ते काम अडवते. मग एका घोटानेही तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. दारूची ओढ मात्र गोळीने मरत नाही. ती पगार हाती पडल्यावर उठते की अपमान झाल्यावर, की जुना सोबती भेटल्यावर, हे समुपदेशकाशी बोलता बोलताच उमगते. म्हणून दोन्ही लागतात. कोकेनच्या व्यसनावर तर आजही मान्यताप्राप्त औषध नाही; तेथे मुख्य भार समुपदेशनावरच.

आता शील. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले. रोज सकाळी जो स्वतःच्या हाताने गोळी गिळतो, तो त्या दिवसाचा निश्चयच गिळतो. टाळायची म्हटली तर ती सहज टाळता येते. भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, भोजन, निवास यांच्या जोडीला भैषज्य आहेच. विनयपिटकात तर एका आजारी स्थविराच्या तेलात किंचित मद्य घालण्याची अनुज्ञा आहे. रंग, वास, चव जाणवता कामा नये, ही अट. (याचा दाखला देऊन कोणी पेला भरू नये!) १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेतही औषधाचा आधार घेऊ नये असे कोठे नाही.

माझा विरोध आहे तो नवऱ्याच्या नकळत चहात, भाजीत गोळी मिसळण्याला. भगिनींनो, मार खाऊन, पोरांची उपासमार पाहून तुम्ही हे करता. मी नावे ठेवीत नाही. पण ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखा पिणार, आणि रक्तदाब कोसळून त्याचा जीवही जाऊ शकतो. वाचला तरी त्यात त्याची चेतना कोठे आहे?

गोळी त्याच्या हातावर द्या, तुमच्या देखत घेऊ द्या. सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करून घ्या. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू घातक ठरू शकते, हे त्याला स्पष्ट सांगा. आणि फार पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यावर हातपाय कापू लागले, भास होऊ लागले, तर त्याला विहारात बसवू नका. आधी दवाखान्यात न्या.