दोष कोणाचा?

व्यवहारांत कांहींहि बिघडलें म्हणजे मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न एकदम उभे राहतात. 'हें कशानें झालें?' हा एक, आणि 'हें कोणीं केलें?' हा दुसरा. वरवर पाहतां हे दोन्ही प्रश्न एकाच कुळांतले दिसतात. परंतु त्यांच्या स्वभावांत फार अंतर आहे. पहिल्याचें उत्तर मिळविण्यास वेळ लागतो, हात मळवावे लागतात, आणि पुष्कळदां आपलें अज्ञान कबूल करावें लागतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र बसल्या जागीं, हातांतला चहाचा पेला खालीं न ठेवतां देतां येतें. म्हणूनच कीं काय, बहुतेक घरांत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं दिलें जातें, आणि मग पहिल्याचें उत्तर शोधण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. हा क्रम उलटा झाल्यानें केवढा अन्याय घडतो याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं आम्ही जें उदाहरण घेणार आहों तें वाचकांस कदाचित् क्षुल्लक वाटेल; कारण तें आमच्या घरच्या मोटारीच्या क्लचचें आहे.

गाडी चौदा वर्षांची. इतकीं वर्षें ती बहुतेक आम्हीच चालवीत होतों. गेल्या वर्षीं आमची सून गाडी शिकली व तीहि चालवूं लागली. पावसाळ्याच्या तोंडीं एके दिवशीं संध्याकाळीं, पुण्याच्या कर्वे रस्त्यावरील गर्दींत ती एकटी असतां क्लचचें पेडल दाबलें तें खालींच राहिलें. गिअर पडेना, मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबेनात, आणि शेवटीं चार अनोळखी माणसांनीं गाडी ढकलून कडेला लावून दिली. ती घरीं आली तेव्हां 'तुला कांहीं झालें नाहीं ना?' असें आम्हीं विचारावयास हवें होतें. तें आम्हीं विचारलें नाहीं. रात्रीं जेवतांना, घरांतल्या सर्वांदेखत व आलेल्या दोन पाहुण्यांदेखत, आम्ही म्हणालों, 'तरी सांगत होतों, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवूं नये.' तिनें उत्तर दिलें नाहीं. जेवण आटोपल्यावर मात्र तिनें गाडीची किल्ली आणून आमच्या मेजावर ठेवली, आणि ती पुढें आठ दिवस तेथेंच पडून राहिली.

येथें यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. इंजिन व गिअरपेटी यांचा संबंध हवा तेव्हां तोडणें व जोडणें हें क्लचचें काम. कित्येक गाड्यांत पेडलापासून क्लचपर्यंत तार असते. आमच्या गाडीसारख्या गाड्यांत तारेच्या जागीं द्रव असतो. पेडल दाबलें कीं वरच्या सिलिंडरांतील दट्ट्या द्रवास रेटतो. तो रेटा नळीवाटे गिअरपेटीजवळील खालच्या सिलिंडरास पोंचतो. आणि तेथील दट्ट्या एक दांडी पुढें ढकलून क्लच सोडवितो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा नियम फ्रेंच तत्त्ववेत्ता ब्लेझ पास्कल यानें मांडला; त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. पुढें १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. समजा, वरच्या दट्ट्याचा व्यास १६ मिलिमीटर व खालच्याचा २० मिलिमीटर आहे. तर खालीं मिळणारें बल दीडपटीहून थोडें अधिक होतें, आणि त्याच प्रमाणांत खालच्या दट्ट्याची चाल कमी होते. चाल मुळांतच अशी थोडी असल्यानें थोडासा द्रव गळाला किंवा थोडी हवा शिरली तरी ती नाहींशी होते. कारण हवा दबते, द्रव जवळजवळ दबत नाहीं.

या रचनेंत आमच्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट एकच आहे. दोष जेथें असतो तेथें तो दिसत नाहीं. तो खालच्या सिलिंडरांत असो, नळींत असो कीं वरच्या रबरांत असो. प्रगट होतो तो एकाच जागीं, म्हणजे त्या क्षणीं पेडलावर ज्याचा पाय असेल त्याच्या पायाखालीं. आणि ज्याच्या पायाखालीं दोष उघडकीस येतो, त्याच्याच माथीं तो मारला जातो.

एका मेस्त्र्यास आम्हीं फोन केला. त्यानें गाडी न पाहतांच 'क्लचप्लेट गेली' म्हणून सांगितलें. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविल्यानें प्लेट झिजते, हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां आपल्या म्हणण्यास पुष्टि मिळाली असें वाटून आम्हांस समाधान झालें, हें कबूल केलें पाहिजे. पण दोन दिवस गेल्यावर एक शंका मनांत टोंचूं लागली. प्लेट झिजली म्हणजे क्लच धरीत नाहीं. इंजिन जोरानें फिरतें व गाडी त्या मानानें पुढें जात नाहीं. आमच्या गाडीचा क्लच धरीत होता, सुटत नव्हता. आरोप खरा मानावा तर लक्षण जुळेना, आणि लक्षण खरें मानावें तर आरोप टिकेना. अशा वेळीं बहुतेक लोक लक्षणाकडे डोळेझांक करतात. आम्हीहि आठवडाभर तेंच केलें. नवव्या दिवशीं सकाळीं मात्र आम्हीं गाडीचें बॉनेट उघडलें.

प्रथम ब्रेक ऑइलची डबी पाहिली. (क्लचमध्येंहि हाच द्रव असतो.) पातळी खालच्या खुणेच्याहि खालीं गेली होती. पातळी कायम राहून दाबून धरलेलें पेडल हळूहळू खचत असतें, तर वरच्या सिलिंडरांतलें रबर आंतल्या आंत द्रव सोडीत आहे असें मानावें लागतें. पण येथें द्रव कमी झाला होता, म्हणजे तो कोठें तरी बाहेर जात होता. पेडलाच्या वर, दांडी जेथें सिलिंडरांत शिरते तेथें बोट फिरवून पाहिलें. तें कोरडें निघालें. लवचीक नळी चिरनळी वा फुगलेली नव्हती. शेवटीं खालच्या सिलिंडराच्या तोंडावरची रबरी टोपी कडेनें उचलली, तों आंतून काळपट द्रवाची धार हातावर आली. निदान झालें. पण निदान झाल्याबरोबर एक आठवणहि झाली, आणि ती त्या द्रवाहून काळी होती.

त्या वर्षांत त्या डबींत तीन वेळां ब्रेक ऑइल ओतलें गेलें होतें, आणि तें ओतणारे आम्हीच होतों. पातळी उतरलेली दिसली कीं आम्ही ती भरून ठेवीत असूं, आणि गाडीची काळजी घेतल्याचें समाधान मानीत असूं. ज्या गाड्यांत ब्रेक व क्लच यांची डबी एकच असते, त्यांत ब्रेकचे पॅड झिजतील तशी पातळी थोडी उतरते. परंतु आमच्या गाडींत क्लचची डबी स्वतंत्र आहे, आणि तिची पातळी उतरण्यास गळतीखेरीज दुसरें कारण नाहीं. ओतलेलें जातें कोठें, हा प्रश्न आम्हीं तिन्ही वेळां विचारला नाहीं. शिवाय नांवांत 'ऑइल' असलें तरी हा द्रव तेल नव्हे. तो हवेंतील ओलावा शोषून घेतो, म्हणून ठराविक मुदतीनें सबंध बदलावा लागतो. डॉट ४ जातीचा द्रव कोरडा असतां किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असें मान आहे; त्यांत ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तेंच मान १५५ अंशांवर येतें. हेंच पाणी सिलिंडराच्या आंतल्या भिंतीस गंज आणतें, आणि गंजावर घासून रबराची कड जाते. आमच्या गाडींतला द्रव शेवटीं केव्हां बदलला होता, तें आम्हांस आठवेना. तेव्हां 'हें कोणीं केलें?' या प्रश्नाचें खरें उत्तर, पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावर, आपोआप मिळालें. आणि तें आम्हीं जेवणाच्या वेळीं दिलेल्या उत्तराहून अगदीं निराळें होतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, प्रत्येक दोषास कारण असतें असें म्हटलें म्हणजे अपराधी असा कोणी उरतच नाहीं. सर्वच कारणांचे गुलाम ठरतात. आम्हांस हें मान्य नाहीं. निदानानें जबाबदारी नाहींशी होत नाहीं, ती आपल्या खऱ्या जागीं जाते. ज्यास दिसत होतें आणि ज्यास विचारतां येत होतें, त्यानें विचारलें नाहीं, येथें अपराध आहे. निदानावांचून दिलेला निकाल मात्र नेहमीं एकाच दिशेनें वाहतो, ज्यास उलट बोलतां येत नाहीं त्याच्याकडे. घरांत नवी सून, कचेरींत नवा कारकून, वर्गांत मागच्या बांकावरचा मुलगा, हीं त्याचीं ठरलेलीं स्थानें होत. आमचे चिरंजीवहि तीच गाडी चालवितात. त्या संध्याकाळीं पेडलावर त्यांचा पाय असता, तर आम्ही काय म्हणालों असतों? 'गाडी जुनी झाली' असेंच बहुधा म्हणालों असतों.

दुसरा आक्षेप असा कीं, प्रत्येकानें गाडीखालीं निजून पाहावें हें शक्य नाहीं. हा आक्षेप रास्त आहे. कांहीं गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरपेटीच्या आंतच बसविलेला असतो. तो काढण्यास गिअरपेटी उतरावी लागते, आणि तें घरचें काम नव्हे. निदान स्वतः करावें असा आमचा आग्रह नाहीं. तें होईपर्यंत निकाल देऊं नये, एवढाच आहे. बिघडलेली गाडी तात्काळ थांबवावी, ती कोणास चालवूं देऊं नये. नुकसान टाळण्यासाठीं जें करणें तें लगेच करावें. परंतु नुकसान थांबविणें आणि माणसास दोषी ठरविणें हीं दोन भिन्न कृत्यें आहेत, आणि पहिल्याची घाई दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

असो. आम्हीं सिलिंडर काढला. आंतल्या भिंतीवर खड्डे पडले असते तर तो सबंधच बदलावा लागता. पण गंजाचे पुसट डाग होते ते निघाले, आणि नव्या रबरांनीं भागलें. धुण्यास रॉकेल किंवा पेट्रोल न वापरतां ताजें ब्रेक ऑइलच वापरलें, कारण खनिज तेलानें हीं रबरें फुगून निकामी होतात. यापुढचें काम हवा काढण्याचें, आणि तें आमच्या पद्धतीनें करावयाचें तर दोन माणसें लागतात. एकानें वर बसून पेडल दाबावयाचें. दुसऱ्यानें खालीं निजून सिलिंडरावरचा स्क्रू पान्यानें सैल करावयाचा, नळींतून बुडबुडे बाटलींतल्या द्रवांत जाऊं द्यावयाचे, आणि पेडल वर येण्याआधीं स्क्रू आवळावयाचा. यांत क्षणाचा उशीर झाला तर गेलेली हवा परत आंत येते. चिरंजीव येतों म्हणाले. पण आम्हीं सुनेस हांक मारली. ती आली, कांहीं न बोलतां आसनावर बसली. चाकांना उटी लावल्या होत्या आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां पक्क्या घोड्यांवर ठेवली होती. तरी खालीं निजलेल्या मनुष्यास वरच्यावर विश्वास ठेवूनच निजावें लागतें.

'दाब,' आम्ही खालून म्हणत होतों. 'दाबलें, बाबा,' ती वरून म्हणत होती. 'आतां सोड.' असें वीसपंचवीस वेळां झालें. मधून मधून ती उतरून डबींत द्रव ओतीत होती, कारण डबी रिकामी होऊं दिली तर सर्व श्रम व्यर्थ जातात. शेवटीं बुडबुडे थांबले, आणि ती आपण होऊन म्हणाली, 'आतां पेडल घट्ट लागतें आहे.'

त्या क्षणीं आमच्यापुढें एक मोह उभा राहिला. 'झालें एकदांचें काम' असें म्हणून हात धुवावे, आणि गाडीबरोबर तो प्रसंगहि मिटला असें धरून चालावें. वाचकांपैकीं अनेकांस हा मोह परिचित असेल. दुरुस्ती झाली कीं पुरावा नाहींसा होतो, आणि ज्यानें दुरुस्ती केली त्याचेंच कौतुक होतें. परंतु यंत्र दुरुस्त झाल्यानें शब्द दुरुस्त होत नाहींत. ज्या जागीं व ज्यांच्यासमोर आरोप केला, त्याच जागीं व त्यांच्याचसमोर तो मागें घेतला पाहिजे. एकांतांत मागितलेली क्षमा ही आपली अब्रू राखून मागितलेली क्षमा होय. म्हणून रात्रीं जेवतांना सर्वांदेखत आम्हीं सांगितलें कीं, क्लच हिच्यामुळें बिघडला नाहीं. गळती वर्षभर होती, ती आम्हांस दिसत होती, आणि आम्ही ती झांकीत होतों. पाहुणे आपल्या गांवीं परत गेले होते. त्यांस फोन करून तेंच सांगितलें. हें सर्व क्लचचें पेडल घट्ट करण्याहून अवघड गेलें.

किल्ली तिनें लगेच उचलली नाहीं. चार दिवसांनीं उचलली. त्या चार दिवसांबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आतां डबीवर तारखेची एक चिठ्ठी चिकटविली आहे, आणि दर महिन्यास घरांतील जो कोणी मोकळा असेल तो पातळी पाहतो. नियम एकच ठरला आहे. पातळी उतरलेली दिसली तर ओतण्यापूर्वीं गेलें कोठें तें पाहावें, आणि कोणास कांहीं म्हणण्यापूर्वींहि.