परमुलखातला दंड

सहलीचे फोटो नातलगांना दाखवून झाले, आणलेली खेळणी मुलांनी मोडलीसुद्धा, आणि आठ महिन्यांनी इटलीहून एक लखोटा घरी आला. भाड्याच्या मोटारीने आम्ही एका जुन्या शहरात शिरलो होतो. आतला भाग मर्यादित वाहतुकीचा. परवानगीवाचून वाहन नेण्यास मनाई. कॅमेऱ्याने क्रमांक टिपला, मोटारवाल्यांनी आमचा नाव-पत्ता कळवला. दंड ऐंशी-नव्वद युरो, वर टपालखर्च. पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट. अन्याय वाटल्यास साठ दिवसांत दाद मागण्याची सोय.

धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, फाडून टाका. इथे कोण येतंय वसुलीला?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. युरोपीय संघातल्या देशांनी वाहनमालकांची माहिती एकमेकांना देण्याची व्यवस्था केली आहे; भारत तिच्यात नाही. उलट दुबईत मोटार चालवणारा आपला कोकणी माणूस दंड मुकाट्याने भरतो, कारण तो थकला तर मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण अडते. मग आमची सचोटी वसुलदाराचा हात पोचतो तेवढ्यापुरतीच समजायची काय?

व्हिसा घेताना, आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना आम्ही तिथले कायदे पाळण्याचा शब्दच दिला होता. करार पाळण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. समोरचा आपल्या धर्माचा नसेल तर करार मोडावा, अशी मुभा त्यात नाही. अमान घेऊन परमुलखात गेलेल्याने तिथल्या लोकांशी दगा करू नये, हे फिकहचे जाणकारही सांगत आले आहेत.

पण पाटी इटालियनमध्ये होती, आमची नियत वाईट नव्हती, त्याचे काय? चुकून शेजाऱ्याची काच फुटली तर गुनाह लागत नसेल, भरपाई मात्र टळत नाही. कुणी म्हणेल, इथे कुणाची काच फुटली? त्या अरुंद गल्ल्यांतून म्हातारीकोतारी चालतात, मुले खेळतात. 'आम्हाला ठाऊक नव्हते' म्हणणारी शेकडो वाहने रोज आत शिरली, तर नुकसान त्यांचेच. आणि दंड खरोखर अन्यायाचा वाटला तर अर्ज करावा. गप्प बसून कागद फाडणे याला दाद मागणे म्हणत नाहीत.

आपल्याकडे जनाज्याच्या वेळी पुकारतात : मरहूमकडे कुणाचे येणे असेल तर सांगावे. मिरासीची वाटणीही कर्ज फेडल्यानंतरच होते. आम्ही मनाशी ते दृश्य आणून पाहिले. त्या गर्दीतून इटलीचा कुणी उठून बोलणार नव्हता. जो मागायला येऊ शकत नाही, त्याचा हक आपणच आठवणीने द्यायचा असतो.

पाचव्या दिवशी पैसे भरले. सूट तेवढी घेतली. ती त्यांच्या कायद्यानेच दिली होती.