चालणारी वस्तू केव्हा बदलावी : स्पार्क प्लगच्या निमित्ताने प्रमाणविचार

बिघडलेली वस्तू बदलताना तत्त्वज्ञानाची गरज भासत नाही, कारण बिघाड स्वतःच समोर उभा असतो. चालू असलेली वस्तू काढून तिच्या जागी नवी बसवायची असते तेव्हा मात्र, ती झिजली आहे हे ज्ञान कशाच्या आधारावर झाले, हे सांगावे लागते. ज्ञानाच्या अशा साधनाला भारतीय दर्शनांत ‘प्रमाण’ म्हणतात आणि न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. पेट्रोल मोटारीचे स्पार्क प्लग आणि त्यांना उच्च दाबाची वीज पुरवणाऱ्या वायरी केव्हा बदलाव्यात, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधला वाटला तरी त्यात यांपैकी तीन प्रमाणांची कसोटी लागते, आणि या तिन्हींच्याही आधी लोक ज्या चौथ्याच पुराव्यावर विसंबतात त्याचा, म्हणजे ‘गाडी तर नीट चालते आहे’ या पुराव्याचा, पोकळपणा उघडा पडतो.

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर इतकी फट, म्हणजे ‘गॅप’, ठेवलेली असते. बॅटरीकडून येणाऱ्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्टमध्ये रूपांतर करते, वायर तो दाब प्लगपर्यंत नेते आणि गॅपमध्ये पडलेल्या ठिणगीने पेट्रोल व हवेचे मिश्रण पेट घेते. चार-स्ट्रोक इंजिनात मिश्रण पेटवण्याची पाळी प्रत्येक प्लगवर दोन फेऱ्यांतून एकदा येते. म्हणून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एकेका प्लगला दर किलोमीटरला १००० ठिणग्या टाकाव्या लागतात आणि ४० हजार किलोमीटरांत हा आकडा ४ कोटींवर जातो. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडच्या धातूचा अतिसूक्ष्म अंश उडवून नेते, त्यामुळे त्याच्या धारदार कडा हळूहळू गोल होतात आणि गॅप रुंदावत जाते. ज्या कडांपाशी विद्युतक्षेत्र एकवटून ठिणगी सहज पडत असे, त्या कडाच नाहीशा झाल्यामुळे तीच ठिणगी पाडायला आता अधिक व्होल्टेज लागते.

हे जादा व्होल्टेज कॉइल निमूटपणे पुरवते. कॉइलची क्षमता नव्या प्लगच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवलेली असल्याने प्लगची झीज दीर्घकाळ झाकली जाते. इंजिन सुरू होते, गाडी चढ चढते, चालकाला काही जाणवत नाही, पण कॉइलवरचा आणि वायरींच्या आवरणावरचा ताण मात्र वाढत राहतो. न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्याच्या आरंभी वात्स्यायनाने ज्ञानाच्या खरेपणाची जी कसोटी सांगितली आहे, ती ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हणून ओळखली जाते; एखाद्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली तर ते ज्ञान खरे मानावे, असा तिचा आशय आहे. पाणी समजून जवळ गेलेल्या माणसाची तहान भागली तर ते मृगजळ नव्हते हे ठरते. हीच कसोटी प्लगला लावली तर मात्र ती फसवी ठरते, आणि ती का फसते हे नवव्या शतकातील काश्मीरचा नैयायिक जयंत भट्ट याच्या ‘न्यायमंजरी’तील एका विचारातून समजू शकते. ज्ञानाची उत्पत्ती कोणत्याही एका घटकामुळे होते असे न मानता सर्व घटकांच्या समुच्चयामुळे, म्हणजे ‘सामग्री’मुळे, ती होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ज्ञानाविषयीचा हा विचार ठिणगीला लागू केला, तर ठिणगी हे प्लग, वायर, कॉइल आणि बॅटरी या सामग्रीचे एकत्रित कार्य ठरते. म्हणून ठिणगी पडली यावरून सामग्री पुरेशी आहे एवढेच सिद्ध होते, तिच्यातला प्रत्येक घटक निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. समुच्चयाच्या यशावरून घटकाच्या आरोग्याचे अनुमान करणे हा हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण साध्य सिद्ध न करणारा हेतू आहे, आणि मोटारीच्या देखभालीत दुसरी कोणतीही चूक इतक्या सर्रास होत नसावी.

मीमांसक मात्र येथे चालकाच्या बाजूने उभा राहू शकेल. कुमारिल भट्टाने मांडलेल्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान जन्मतःच प्रमाण असते आणि बाधक ज्ञान किंवा कारणातील दोष समोर येईपर्यंत त्यावर शंका घेण्याचे कारण नसते. ही भूमिका आळशीपणाची नाही. प्रत्येक गोष्टीची सतत तपासणी करणाऱ्याचे जगणेच थांबेल, हा तिच्यामागचा व्यवहारी विचार आहे. पण कारणातील दोष झाकून ठेवणारी यंत्रणाच जिथे बसवलेली आहे, तिथे बाधक समोर येण्याची वाट पाहणे म्हणजे दोष कॉइलपर्यंत पोहोचू देणे होय, आणि कॉइल प्लगपेक्षा कितीतरी महाग असते.

म्हणून अनुमानाकडे वळावे लागते. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कारणावरून कार्याचे अनुमान ते ‘पूर्ववत्’, जसे दाटून आलेल्या ढगांवरून पावसाचे, आणि कार्यावरून कारणाचे अनुमान ते ‘शेषवत्’, जसे नदीला आलेल्या पुरावरून वर कुठेतरी झालेल्या पावसाचे. धावलेल्या किलोमीटरांवरून प्लग झिजल्याचे ठरवणे हे पूर्ववत् अनुमान आहे. निकेल मिश्रधातूचे साधे प्लग साधारणपणे ३० ते ५० हजार किलोमीटरांनंतर बदलतात, तर प्लॅटिनम आणि इरिडियम यांचे प्लग १ लाख किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे चालतात. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियम २४०० अंशांच्याही वर, आणि हा फरक इलेक्ट्रोडच्या आयुष्यात उतरतो. तथापि, किलोमीटर आणि झीज यांच्यातील ‘व्याप्ती’, म्हणजे नियत साहचर्य, निरपवाद नसते. जिथे अग्नी तिथे धूर हे विधान ओले सरपण असेल तरच खरे ठरते. साहचर्य जिच्यावर अवलंबून असते पण जी विधानात बोलून दाखवलेली नसते, अशा अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. शहरातल्या कोंडीत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी किलोमीटर न वाढवता ठिणग्या खर्च करते. मुंबईच्या टॅक्सींप्रमाणे सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत मिश्रण पेटवायला अधिक व्होल्टेज लागत असल्याने तोच प्लग लवकर थकतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ऑइल चढत असेल तर तेवढाच प्लग काळा आणि ओला होतो, बाकीचे तिन्ही कोरडे राहतात. या सर्व उपाधी लक्षात न घेता मीटरवरच्या आकड्याकडे बोट दाखवणे हे अर्धेच अनुमान होय.

शेषवत् अनुमानाची अडचण वेगळी आहे आणि ती न्यायसूत्रांनीच प्रामाणिकपणे पूर्वपक्ष म्हणून मांडली आहे. नदीचा पूर पावसामुळेच आला हे कशावरून, वरच्या बाजूला कुणी पाणी अडवून सोडले असेल तर, असा आक्षेप तिथे येतो. आणि त्याचे उत्तर असे की ज्यावरून अनुमान करायचे तो नुसता पूर नव्हे, तर वेगाने वाहणारा, गढूळ, फेस आणि पालापाचोळा घेऊन आलेला विशिष्ट पूर होय. गाडी ‘मिसिंग’ करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकतो, पिकअप मंदावतो, पेट्रोल जास्त लागते, या लक्षणांना नेमका हाच आक्षेप लागू पडतो, कारण इंजेक्टर चोंदला, कॉम्प्रेशन गळू लागले किंवा कॉइलच गेली तरीही गाडी मिसिंग करतेच. उत्तरही तेच आहे : लक्षणाचा विशेष पाहावा. पावसाळी दमट सकाळी गाडी अडखळते आणि इंजिन तापून ओल उडाल्यावर सुधारते, तेव्हा संशय प्रथम वायरींच्या तडकलेल्या आवरणावर जातो, कारण ओलाव्यातून उच्च दाबाची वीज आडवाटेने इंजिनाच्या धातूत उतरते. अंधारात बॉनेट उघडले तर ही गळती कधीकधी निळसर चमकांच्या रूपात दिसतेही. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी घाटात भार पडताच अडखळते, तेव्हा रुंदावलेली गॅप हे कारण अधिक संभवते, कारण भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी पाडणे अवघड जाते. हा भेद न करता चारही प्लग बदलून ‘फरक पडतो का पाहू’ म्हणणाऱ्याने अनुमान केलेले नसते, फक्त खर्च केलेला असतो. दरम्यान न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला तापवते, म्हणून निदानाला फार वेळही घेता येत नाही.

राहिले शब्दप्रमाण. गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हा शब्द आहे आणि शब्दाचे प्रामाण्य तो उच्चारणाऱ्याच्या आप्तत्वावर, म्हणजे विश्वासार्हतेवर अवलंबून असते. ज्याला विषयाचा साक्षात् अनुभव आहे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; आणि वात्स्यायनाच्या मते हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, हा त्याचा उदारपणा येथे मोलाचा आहे. कंपनीला प्लगच्या चाचण्यांचा अनुभव असतो, पण देखभालीचा खर्च कमी दिसावा हाही तिचा हेतू असू शकतो. सुटे भाग विकणाऱ्याचा हेतू नेमका उलटा असू शकतो. हजारो प्लग काढून पाहिलेल्या मिस्त्रीकडे अनुभव भरपूर असतो आणि हेतूची पारख ग्राहकालाच करावी लागते. तरीही पुस्तिकेला अग्रस्थान देणेच योग्य, कारण अनेक पुस्तिका सामान्य वापर आणि कठोर वापर यांसाठी वेगळे आकडे देतात, म्हणजे आपल्या विधानातील उपाधी स्वतःच सांगतात, आणि अट सांगून बोलणारा वक्ता अट न सांगणाऱ्यापेक्षा अधिक आप्त असतो.

प्रत्यक्ष शेवटी येते, कारण ते मिळवायला इंजिन थंड झाल्यावर प्लग काढावा लागतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक निरोगी ज्वलन दाखवते, कोरडी काजळी पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे आणि पांढरे, फोड आलेले टोक अति तापल्याचे सुचवते. गॅप फिलर गेजने मोजता येते आणि प्लग चांगला निघाला तर पुन्हा बसवताही येतो. वायरींबाबत मात्र प्रत्यक्षाची ही सोय नेहमी मिळत नाही. अनेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसत असल्याने या वायरीच नसतात. ज्यांत असतात, त्यांत मल्टिमीटरने रोध मोजून लांबीच्या मानाने तो फार वाढला आहे का हे पाहता येते, पण मोजण्यासाठी वायर प्लगवरून ओढावी लागते आणि वर्षानुवर्षे उष्णतेत राहून चिकटलेली रबरी टोपी त्या ओढण्यानेच फाटते, किंवा आतला कार्बनचा गाभा तुटतो. तपासणीनेच निकामी केलेल्या अशा वायरीविषयी, हात लावला नसता तर ती आणखी वर्षभर चालली असती, असे म्हणता येते. पण तो ‘तर्क’ झाला, म्हणजे ‘असे असते तर तसे झाले असते’ या स्वरूपाचा विचार, आणि नैयायिकांनी त्याला प्रमाणांचा साहाय्यक मानले असले तरी प्रमाणांत जागा दिलेली नाही.